उरलेसुरले

रायगड जिल्ह्यातील पेण हे गाव गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. तेथे आणि जवळच्या हमरापूर, जोहे या गावांत मूर्तींचे पुष्कळ कारखाने आहेत. शाडूची मूर्ती घडवताना कारागीर साच्यात माती दाबून भरतो. मूर्ती बाहेर निघाली, की तिच्या कडा कोरून साफ करतो. या कामात मातीचे कितीतरी तुकडे खाली पडतात. एखादी मूर्ती सुकताना तडकते, तर एखादीचा हात निखळतो. या साऱ्या मातीचे काय होते बरे?

ती केरात जात नाही. तुकडे गोळा करून पाण्यात भिजत घालतात. माती मऊ झाली, की ती पुन्हा मळतात आणि तिची नवी मूर्ती घडते. शाडू भाजलेला नसतो, म्हणून हे साधते. पाणी मातीच्या कणांमध्ये शिरते व ते कण पुन्हा सुटे होतात. विकत आणलेल्या मातीचा कणही असा वाया जात नाही.

परंतु प्लॅस्टरची गोष्ट निराळी. प्लॅस्टरमध्ये पाणी घातले, की ते दगडासारखे घट्ट होते. त्याचा चुरा कितीही भिजवला, तरी तो पुन्हा जमत नाही. म्हणून वस्तू उरल्यावर काय करावे, हा विचार वस्तू निवडतानाच करावा लागतो.

पेण पोह्यांसाठीही नावाजलेले आहे. भात भरडले, म्हणजे तूस उरते. शंभर किलो भातातून सुमारे वीस किलो तूस निघते. ते गुरांच्या खाण्यास फारसे उपयोगी नाही. पण उत्तम जळते. म्हणून भट्टीसाठी ते सरपण होते. तांदूळ सडताना निघणाऱ्या कोंड्यापासून खाद्यतेलही काढतात. एकाच धान्याचा असा सर्वांगांनी उपयोग होतो.

आता कुंडलिकेच्या काठी रोह्याला जाऊ. रोह्याजवळ धाटाव येथे औद्योगिक वसाहत असून तेथे रसायनांचे कारखाने आहेत. रसायने पिंपांतून येतात आणि पिंपे रिकामी होतात. पिंप मजबूत दिसते. ते स्वस्तात घेऊन त्यात घरचे पाणी साठवावे, असा मोह कोणालाही होईल. पण मुलांनो, हा मोह घातक आहे! पिंप धुतले, तरी रसायनाचा अंश आत राहू शकतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच 2016 च्या केंद्रीय नियमांनी अशी पिंपे धोकादायक कचऱ्यात धरली आहेत. ती साफ करून पुन्हा वापरात आणण्याचे काम परवानगी असलेल्यांनीच करावयाचे असते. येथे चार पैसे वाचवण्याच्या नादात जीव गमावण्याची वेळ येते.

काटकसर म्हणजे केवळ साठवणूक नव्हे. वस्तू कशाची आहे, तिच्यात पूर्वी काय होते आणि आता ती कोणाच्या उपयोगी पडेल, हे तीन प्रश्न विचारून केलेला वापर म्हणजेच खरी काटकसर. सरकारी कचेऱ्यांत एकदा आलेल्या पाकिटावर नवी चिठ्ठी चिकटवून ते पुन्हा धाडण्याची पद्धत होती. पाकीट लहानसेच; पण शेकडो पाकिटांचा कागद त्यामुळे वाचे. थेंबे थेंबे तळे साचे, ते असे. तुमच्या वर्गातही एका बाजूने कोरे कागद, अर्धे खडू, रिकामे खोके असतील. त्यांना केराची वाट दाखवण्यापूर्वी हे तीन प्रश्न अवश्य विचारा.

शब्दार्थ
तूस – भाताच्या दाण्यावरील टरफल. सरपण – जळण. अंश – थोडासा भाग. कचेरी – कार्यालय.

स्वाध्याय
1. शाडूचे तुकडे पुन्हा वापरता येतात. प्लॅस्टरचे का येत नाहीत?
2. रसायनाच्या पिंपात पिण्याचे पाणी का साठवू नये?
3. 'वाया जाणे', 'मोह होणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.
4. तुमच्या गावातील एखाद्या कारखान्यात किंवा दुकानात काय उरते व त्याचे पुढे काय होते, याची माहिती मिळवून आठ ओळी लिहा.