पेस्टचा पोत आणि जिभेची साक्ष

दात घासण्याच्या द्रव्याची निवड ही वरवर पाहता क्षुल्लक बाब वाटते. परंतु जे कृत्य मनुष्य अंथरुणातून उठल्याबरोबर करतो, जे जन्मभर करतो आणि ज्याचा परिणाम एकदा झिजला की पुन्हा न भरून येणाऱ्या अवयवावर होतो, त्या कृत्यातील आपली आवडनिवड कशाच्या आधारावर उभी आहे, ह्याची खातरजमा प्रत्येकाने एकदा तरी करून घ्यावी, असे मला स्वानुभवाने वाटू लागले आहे. कोणाला रवाळ पेस्ट हवी असते, कोणाला मऊ. कोणाला तोंडभर फेस झाल्यावाचून समाधान नसते, तर कोणाला त्याच फेसाने मळमळते. ह्या आवडी खऱ्या आहेत आणि त्यांचा मान राखलाच पाहिजे, कारण जी पेस्ट तोंडाला नकोशी होते तिने माणूस सकाळी घाईघाईने दात घासतो आणि रात्री घासतच नाही. मात्र जिभेला जे जाणवते तोच स्वच्छतेचा पुरावा, असे मानण्याची जी चाल आपल्यात रूढ आहे, तिच्यामुळे माझ्या दातांचे जे नुकसान झाले ते इतरांचे होऊ नये, एवढ्याच हेतूने हा मजकूर लिहीत आहे.

आमच्या घरी राखुंडीचा शिरस्ता होता. बदामाची टरफले जाळून त्यांची राख करावी, तीत मीठ मिसळावे, मोरीच्या कोनाड्यातील डबीत ती भरून ठेवावी आणि तर्जनीने दातांवर चोळावी, ही वहिवाट घरातील वडीलधाऱ्यांकडून आम्हां मुलांपर्यंत आपोआप आली. दातांवरून बोट फिरवताना जी खरखर होई ती म्हणजेच दात स्वच्छ निघाल्याची खूण, हे समीकरण त्या वयात मनात पक्के बसले. आणि पुढे राखुंडी जाऊन पेस्ट आली, बोट जाऊन ब्रश आला, तरी ते समीकरण तसेच राहिले. मऊ पेस्ट मला निःसत्त्व वाटे, म्हणून रवाळ पेस्ट आणि तिच्या जोडीला कडक केसांचा ब्रश, अशी माझी तजवीज वर्षानुवर्षे चालू होती. बोटाने राख चोळताना जोराला आपोआप मर्यादा पडे. कडक ब्रशाने ती मर्यादा नाहीशी केली.

परिणाम सावकाश आला. माठातले पाणी सुळ्यांच्या मागच्या दातांना लागू लागले, कोकम सरबताच्या पहिल्याच घोटाला मस्तकापर्यंत कळ जाऊ लागली, आणि थंडीच्या दिवसांत तोंड उघडून श्वास घेणेही नकोसे झाले. दंतवैद्यांनी आरसा धरून दाखवले, तेव्हा हिरड्या मागे सरकलेल्या आणि दातांच्या मानेशी पाचरीच्या आकाराच्या खाचा पडलेल्या दिसल्या. त्याही डावीकडे अधिक, कारण उजव्या हाताने घासणाऱ्याचा जोर बहुधा डाव्या बाजूवर जास्त पडतो. दाताचे वरचे इनॅमलचे कवच शरीरातील सर्वांत कठीण द्रव्याचे असते. पण हिरडी सरली की जो भाग उघडा पडतो त्याखालचे डेंटिन पुष्कळच मऊ असते, आणि त्यात दाताच्या गाभ्याकडे जाणाऱ्या अतिसूक्ष्म नलिका असतात. गार, गोड वा आंबट पदार्थाने त्या नलिकांतील द्रव हलतो आणि आतील मज्जातंतू जागा होतो. झिजलेले इनॅमल शरीर पुन्हा निर्माण करीत नाही. खाचा भरता येतात, परंतु ती भर दंतवैद्याची, निसर्गाची नव्हे.

तेव्हापासून मी पेस्टच्या घटकांकडे लक्ष देऊ लागलो. पेस्टमध्ये मुख्यतः घासणारी बारीक पूड असते, म्हणजे खडूच्या जातीचे कॅल्शियम कार्बोनेट किंवा सिलिका. ती वाळू नये म्हणून ग्लिसरीन किंवा सॉर्बिटॉल, सारे एकजीव राहावे म्हणून डिंकासारखे द्रव्य, आणि त्याखेरीज फेसाचे द्रव्य, सुगंध व फ्लोराइड. जिभेला जाणवणारा पोत ह्या सर्वांच्या मिलाफाने ठरतो; त्यावरून पेस्ट दाताला किती घासते हे मात्र कळत नाही. पारदर्शक जेल सौम्यच असते, हा समज ह्याच कारणाने चुकीचा आहे. सिलिकेचे कण आणि भोवतालचा द्रव प्रकाशाला सारखेच वळवतात म्हणून जेल आरपार दिसते, कण नसतात म्हणून नव्हे. आणि जिभेला न जाणवण्याइतके बारीक कणही डेंटिन झिजवू शकतात. पेस्टचे घर्षण मोजण्याची आंतरराष्ट्रीय रीत आहे, तीत ठरावीक प्रमाणद्रव्याचे मूल्य 100 धरतात आणि 250 ही कमाल मर्यादा मानतात. परंतु हा आकडा नळीवर सहसा छापलेला नसतो, म्हणून दात पांढरेशुभ्र करण्याचे आश्वासन देणाऱ्या पेस्टविषयी आणि कोळशाच्या पुडीविषयी दंतवैद्याला विचारल्याशिवाय निर्णय करू नये.

खरखरीची जी कथा तीच फेसाची. फेस बहुधा सोडियम लॉरिल सल्फेट ह्या द्रव्याने होतो. दात घासल्यावर लगेच संत्र्याचा रस कडू लागतो तो ह्याच्यामुळे, आणि ज्यांचे तोंड वारंवार येते अशा काही जणांना हेच द्रव्य बाधते. माझेही तोंड वरचेवर येत असे. हे द्रव्य नसलेली पेस्ट वापरू लागल्यापासून तो त्रास पुष्कळ कमी झाला. आरंभी फेसावाचून दात घासल्यासारखे वाटत नसे, परंतु ती उणीव सवयीची होती, स्वच्छतेची नव्हती. कारण दातांवरचा थर मुख्यतः ब्रशाचे केस काढतात, फेस काढीत नाही.

थंडाव्याची साक्ष तर ह्याहून फसवी. पुदिन्यातील मेंथॉल तोंडाचे तापमान उतरवीत नाही, थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना नुसते चेतवते. लवंगेचे तेल ठणका थांबवते ते तेवढी जागा बधिर करून; त्याखाली कीड आपले काम करीतच असते. आणि मिश्रीची गोष्ट सर्वांत दुःखाची आहे. माझी आत्या तव्यावर तंबाखू भाजून तिची पूड दातांना लावीत असे, आणि ती लावल्यावाचून आपले तोंड स्वच्छ होत नाही, पोट साफ होत नाही, असे तिचे प्रामाणिक मत होते; वस्तुतः तिला सुख मिळे ते निकोटिनाचे, आणि ते न मिळाले की होणाऱ्या तळमळीला ती अस्वच्छता समजे. तंबाखू घातलेल्या दंतमंजनांवर आणि पेस्टवर आपल्या देशात 1992 साली बंदी आली. परंतु घरच्या तव्यावर भाजल्या जाणाऱ्या मिश्रीपर्यंत सरकारी हुकूम कसा पोहोचणार? तेथे घरातील शहाण्या माणसांनीच प्रेमाने समजूत घातली पाहिजे, कारण मिश्रीच्या पोटी मुखाचा कर्करोग आहे.

आता ज्यांना निवड करायची आहे त्यांना माझे सांगणे असे. पेस्टचा स्वाद व मऊपणा आपल्या तोंडाला रुचेल असा बेलाशक निवडावा, कारण त्या रुचीवरच नेम टिकतो. परंतु फ्लोराइड आहे की नाही हे आधी पाहावे. त्याचे प्रमाण दहा लाख भागांत 1,000 भागांहून अधिक असू नये, असा आपल्याकडील दंडक आहे. चंद्रपूर-यवतमाळसारख्या जिल्ह्यांत, जेथे काही गावांच्या विहिरींच्या पाण्यातच फ्लोराइड अधिक आहे, तेथे मुलांच्या बाबतीत दंतवैद्याचा सल्ला अवश्य घ्यावा. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यापुढे वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. ब्रश मऊ केसांचा घ्यावा, तो बोटांच्या चिमटीत धरावा, मुठीत नव्हे, म्हणजे जोर आपोआप आवरतो. चिंच, कोकम, लिंबू खाल्ल्यावर अर्धा तास थांबावे, कारण आम्लाने मऊ झालेले इनॅमल लवकर झिजते. घासून झाल्यावर फेस थुंकून टाकावा, पण खळखळून चुळा भरून फ्लोराइड धुऊन काढू नये. दात सळसळत असतील तर पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट उपयोगी पडते, मात्र तिला गुण यायला काही आठवडे लागतात. दोन दिवसांत ती टाकून देणे म्हणजे इलाजाला संधीच न देणे होय. आणि एकाच दाताला कळ येत असेल, तर पेस्ट बदलत न बसता दंतवैद्याकडे जावे.

दात स्वच्छ झाले की नाही हे खरखर सांगत नाही, फेस सांगत नाही आणि थंडावाही सांगत नाही. ते हिरड्यांतून रक्त येत नाही ह्यावरून आणि वर्षाकाठी एकदा करून घेतलेल्या तपासणीवरूनच कळते. तेव्हा आवड खुशाल आपली ठेवावी, पण निवाडा दंतवैद्याकडे सोपवावा.