स्लिपर क्लच: जोडणी, मोजमाप आणि खबरदारी

वेगात असलेल्या मोटारसायकलचा चालक वळणाआधी थ्रॉटल सोडून भराभर खालचे गिअर टाकतो, तेव्हा शक्तीचा प्रवाह उलटतो. एरवी इंजिन मागचे चाक फिरवत असते, त्या क्षणी मात्र मागचे चाक इंजिनाला फिरवू पाहते आणि इंजिन त्याला जो विरोध करते त्यालाच इंजिन ब्रेकिंग म्हणतात. पुढच्या ब्रेकमुळे भार पुढे सरकून मागच्या टायरची पकड आधीच कमी झालेली असल्याने हा उलटा टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, टायरला पेलवत नाही; चाक क्षणभर अडकते, सुटते, पुन्हा अडकते आणि गाडीचा मागचा भाग उड्या मारू लागतो. हा उलटा टॉर्क ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की क्लचला आपोआप थोडे घसरू देणारी रचना म्हणजे स्लिपर क्लच.

टू-स्ट्रोक इंजिनांचे इंजिन ब्रेकिंग मुळातच क्षीण असल्यामुळे ग्रां प्री शर्यतींच्या सर्वोच्च गटात हा प्रश्न दीर्घकाळ फारसा जाणवला नाही. २००२ मध्ये ९९० सीसीपर्यंतची फोर-स्ट्रोक इंजिने मोटोजीपीत उतरली तेव्हा तो एकाएकी मोठा झाला. त्यानंतर थोड्याच काळात कावासाकी झेडएक्स-१०आर, सुझुकी जीएसएक्स-आर१००० अशा रस्त्यावरच्या गाड्यांत ही रचना कारखान्यातूनच येऊ लागली, आणि चाकणला तयार होणारी केटीएम आरसी ३९०, पुढे डॉमिनार ४००, यामाहा आर१५ यांच्यामुळे ती भारतीय चालकांच्या परिचयाची झाली. अशा गाड्यांच्या मालकाला क्लचमध्ये हात घालण्याचे सहसा कारण नसते. पुढील विवेचन आहे ते जुन्या गाडीत, विशेषतः डुकाटी ९१६ ते १०९८ या कोरड्या क्लचच्या पिढीत किंवा शर्यतीसाठी सजवलेल्या चार सिलिंडरच्या गाडीत, बाहेरून विकत घेतलेला स्लिपर क्लच बसवू पाहणाऱ्यांसाठी.

साध्या क्लचमध्ये घर्षण प्लेटा व पोलादी प्लेटा एकाआड एक रचलेल्या असतात आणि स्प्रिंगा प्रेशर प्लेटच्या साहाय्याने ही थप्पी दाबून धरतात. स्लिपर क्लचमध्ये पोलादी प्लेटा ज्या हबवर बसतात तो हब दोन भागांचा असतो व त्या भागांमध्ये तिरके उतार कोरलेले असतात. काही रचनांत उतारांमध्ये पोलादी गोळ्याही असतात. उलटा टॉर्क आला की एक भाग दुसऱ्याच्या उतारावर चढतो, प्रेशर प्लेटला बाहेर ढकलतो आणि थप्पीवरचा दाब हलका होतो. ही उचल अगदी थोडी, मिलिमीटरच्या हिशेबातली असते, आणि जोडणीतले बहुतेक घोटाळे याच एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने होतात.

हब आणि प्रेशर प्लेट यांच्यात ठेवलेली फट थप्पीच्या एकूण जाडीवर अवलंबून असते. थप्पी नेमून दिलेल्या मापापेक्षा पातळ असेल तर प्रेशर प्लेट थप्पी पुरती दाबण्याआधीच हबवर टेकते, आणि चालक थ्रॉटल उघडतो तेव्हा इंजिनाचे फेरे वाढतात पण गाडी त्या मानाने वेग घेत नाही. थप्पी जाड असेल तर उलट घडते. हबची सगळी उचल ती वाढीव फट भरून काढण्यातच खर्ची पडते व मागचे चाक पूर्वीसारखेच उड्या मारत राहते. मालक मग भाग खोटा निघाला म्हणून विक्रेत्याला दोष देतो, मेकॅनिक जास्त कडक स्प्रिंगा सुचवतो आणि मूळ दोष तसाच राहतो. जुन्या झिजलेल्या प्लेटा नव्या स्लिपर हबवर चढवणे ही यातली सर्वांत सामान्य आणि सर्वांत महागात पडणारी काटकसर होय. आधी सगळ्या प्लेटा एकत्र दाबून व्हर्नियरने थप्पीची जाडी मोजावी, ती निर्मात्याच्या पत्रकातील मापाशी ताडून पाहावी आणि फरक असल्यास वेगळ्या जाडीच्या पोलादी प्लेटा घालून तो भरून काढावा. प्लेटा झिजत जातात तशी ही फट बदलते, म्हणून हे मोजमाप एकदाच करून भागत नाही.

प्लेटांच्या क्रमालाही महत्त्व आहे. अनेक जपानी गाड्यांत एका घर्षण प्लेटचा आतला व्यास मोठा असतो व तिच्या आत धक्का शोषणारी बशीसारखी स्प्रिंग बसते. नव्या हबबरोबर ती ठेवायची की काढायची हे निर्माता सांगतो, तेथे अंदाज चालत नाही. तेलात बुडालेल्या क्लचच्या घर्षण प्लेटा बसवण्यापूर्वी इंजिन ऑइलमध्ये भिजवाव्यात, आणि ते तेल जासो एमए किंवा एमए२ मानांकनाचे असावे, कारण मोटारींसाठीच्या काही तेलांतील घर्षण कमी करणारी द्रव्ये क्लच घसरवतात. कोरड्या क्लचमध्ये मात्र प्लेटांना तेलाचा किंवा ग्रीसचा थेंबही लागता कामा नये. हबचा मोठा नट सोडवताना व आवळताना हब धरून ठेवणारे खास अवजार वापरावे. हवेच्या गनने तो ठोकण्याची गॅरेजमधील सवय घातक आहे. स्प्रिंगांचे बोल्ट बारीक असून ॲल्युमिनियमच्या खांबांत बसतात, म्हणून ते समोरासमोरच्या क्रमाने, थोडे थोडे, टॉर्क रेंचने आवळावेत. एकदा आटे गेले की किरकोळ काम मोठ्या खर्चाचे होते.

घसरण कधी सुरू व्हावी हे स्प्रिंगांवर आणि उताराच्या कोनावर ठरते. मऊ स्प्रिंगांनी ती लवकर सुरू होते, कडक स्प्रिंगांनी उशिरा. तथापि थप्पीचे माप बरोबर असल्याची खात्री झाल्याशिवाय स्प्रिंगांना हात लावण्यात अर्थ नाही. एका वेळी एकच बदल करावा आणि तो मोकळ्या ट्रॅकवर तपासावा, घाटातल्या वळणावर नव्हे. गिअर उतरवताना क्लच लिव्हरवर बोटांना हलके स्पंदन जाणवले तर यंत्रणा काम करत आहे असे समजावे. केबलच्या क्लचमध्ये लिव्हरला पुस्तिकेत सांगितलेली ढिलाई राहिलीच पाहिजे, अन्यथा केबल सतत ताणलेली राहून प्लेटांवरचा दाब कमी करते आणि दोष स्लिपरच्या माथी मारला जातो.

फार मऊ जुळवणीचे तोटेही लक्षात घ्यावे लागतात. अशी गाडी धक्का मारून चालू करणे कठीण जाते, कारण चाकाकडून येणारा जोर इंजिनापर्यंत पुरेसा पोहोचतच नाही, आणि इंजिन ब्रेकिंग घटल्याने ब्रेकवरचा भार वाढतो. शिवाय स्लिपर क्लच उलटा टॉर्क मर्यादित करतो, नाहीसा करत नाही. भलत्याच वेगात पहिला गिअर टाकला तर इंजिनाचे फेरे धोक्याच्या रेषेपलीकडे जाऊ शकतात आणि व्हॉल्व्ह वाकण्याचा संभव राहतो. रस्त्यावर शांतपणे गाडी चालवणाऱ्याने जुन्या गाडीत हा भाग बसवण्यावर पैसे खर्चू नयेत, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ज्याला ट्रॅकवर त्याची खरोखर गरज आहे, त्याने खरेदीच्या रकमेतच नव्या प्लेटांच्या संचाची किंमत धरावी आणि व्हर्नियर हाती घेतल्याशिवाय क्लचचे झाकण बंद करू नये.