दखनी मुशायऱ्यातला काळा विनोद

सई पुण्याची, नोकरी हैदराबादच्या हायटेक सिटीत. तिचे मामा काचीगुड्यात वाढलेले मराठी गृहस्थ, उर्दू माध्यमात शिकलेले आणि दखनी मुशायऱ्यांचे जुने श्रोते.

सई : मामा, मी सध्या अमेरिकन कंट्री संगीतातलं हाँकी-टाँक ऐकतेय. फिडल, स्टील गिटार, पाय हलवायला लावणारा ठेका. आणि शब्द ऐकावेत तर बायको सोडून गेली, नोकरी सुटली, बाटली सुटत नाही. ते सगळं विनोदात सांगायचं. हँक विल्यम्सनं १९५२ मध्ये, या जगातून आपण काही जिवंत सुटत नाही, अशा अर्थाचं एक गमतीदार गाणं रेकॉर्ड केलं. १ जानेवारी १९५३ ला कार्यक्रमाला जाताना तो गाडीच्या मागच्या सीटवरच गेला. अवघा एकोणतीस वर्षांचा. असं काही इथे आहे का?

मामा : हौ, आहे ना! गिटार नाही, एवढंच. माईकपुढे एक कवी आणि समोर पहाटेपर्यंत न उठणारी माणसं. दखनी मिजाहिया शायरी, म्हणजे दक्खनच्या उर्दू बोलीतली विनोदी कविता. पण आधी सांग, तुझं हाँकी-टाँक जन्मलं कुठे?

सई : टेक्सासमध्ये. १९३३ ला अमेरिकेतली दारूबंदी उठली. तेलाच्या विहिरींवर राबणारे कामगार संध्याकाळी रस्त्याकडेच्या बारमध्ये जमायचे. तिथे इतका गोंगाट, की साधी गिटार ऐकूच जायची नाही. म्हणून विजेवरची आली, ठेका ठळक झाला. घरात आणि चर्चमध्ये जे गाता येत नव्हतं ते तिथे गाता यायला लागलं.

मामा : म्हणजे जागेनं गाणं घडवलं. दखनी विनोदालाही जागेनं घडवलं, पण अपमानानंही घडवलं. ही काही मुळात विनोदाची बोली नव्हे. १५९१ मध्ये हे शहर वसवणारा मुहम्मद कुली कुतुबशहा दखनीत कविता लिहायचा. सणांवर, पावसावर, प्रेमावर. वजहीचं ‘सबरस’ १६३५ चं, दखनी गद्यातला मोठा ग्रंथ. ही दरबाराची भाषा होती. १६८७ मध्ये औरंगजेबानं गोवळकोंडा घेतला आणि दरबार संपला. पुढे दिल्लीच्या वळणाची उर्दू प्रमाण ठरली. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. तिथे शिकलेल्यांची उर्दू धुतलेली, इस्त्री केलेली. दखनी मग कुणाची उरली? घरातल्या बायकांची, रिक्षावाल्यांची, खेड्यातून आलेल्या माणसांची. ती ऐकली की लोक हसायचे.

सई : कंट्रीचंही तसंच झालं. रेकॉर्ड कंपन्या त्या संगीताला ‘हिलबिली’ म्हणून विकायच्या. डोंगरातली अडाणी माणसं, असा त्याचा सूर. ‘बिलबोर्ड’ मासिकानं १९४९ मध्ये आपल्या यादीचं नाव बदलून ‘कंट्री अँड वेस्टर्न’ केलं.

मामा : बघ! आता दखनी कवींनी काय केलं ते ऐक. लोक या बोलीला हसतात ना? मग हसू दे. त्यांनी तेच हसू हाताशी धरलं. नजीर दहकानी, अली साहेब मियाँ, सरवर डंडा ही आधीची माणसं. तखल्लुस, म्हणजे कवी म्हणून घेतलेली टोपणनावं, बघ कशी घेतात. डंडा! पुढे पागल आदिलाबादी, गिल्ली नलगोंडवी, गौस ख्वामख्वाह. गालिब, मीर, जिगर अशा नावांच्या रांगेत उभं राहून एखादा स्वतःला ‘ख्वामख्वाह’, म्हणजे ‘उगाचच’, म्हणवतो, तेव्हा त्यानं तोंड उघडायच्या आधीच मैफिलीची अदब मोडलेली असते.

सई : हे मला विनोदी वाटतंय, काळं नाही.

मामा : मग सुलेमान खतीब ऐक. बिदर जिल्ह्यातल्या चिटगुप्प्याचे, जन्म १९२२ चा, नोकरी गुलबर्ग्याच्या पाणीपुरवठ्यात. १९७८ मध्ये गेले. संग्रहाचं नाव ‘केवडे का बन’. त्यांची ‘छोरा छोरी’ नावाची एक लांब कविता आहे. मुलाची आई बोलते. तोंडाचा पट्टा असा, की टाळ्या थांबत नाहीत. आपल्या पोराची भलामण, दुसऱ्याच्या पोरीची उलटतपासणी आणि मग मागण्या. हैदराबादेत हुंड्याला ‘घोडे-जोडे की रकम’ म्हणतात. ही बाई तुमच्याआमच्या गल्लीतली असते. तिच्या उपमा स्वयंपाकघरातून येतात, शिव्या नळावरून. लोक ‘मुकर्रर, मुकर्रर’ ओरडतात, कवी तीच ओळ पुन्हा म्हणतो.

सई : आणि मग?

मामा : मग बोलणारा बदलतो. मुलीच्या घरचा आवाज येतो आणि बोलीतला सगळा खट्याळपणा गळून पडतो. आत्तापर्यंत खदखदणारा मंडप गप्प होतो. अगं, त्या मंडपात हुंडा घेतलेले बाप बसलेले असतात, देऊन कर्जबाजारी झालेले बाप बसलेले असतात. दोघंही दोन मिनिटांपूर्वी एकाच ओळीला हसलेले असतात. हुंड्यावर भाषण ठोकलं असतं तर घेणारा उठून चहाला गेला असता. हसवून आधी त्याला बसवून ठेवलं. मला यात खतीबांची खरी कारागिरी दिसते. पहिला भाग जितका रंगेल, तितका दुसरा लागतो. तुमच्या गाण्यांत हे कसं साधतात?

सई : बऱ्याचदा चालीनं. चाल आनंदी, मजकूर भयंकर. पॉर्टर वॅगनरचं १९६७ मधलं ‘द कोल्ड हार्ड फॅक्ट्स ऑफ लाइफ’ घ्या. नवरा बायकोला चकित करायला लवकर घरी येतो आणि शेवटी प्रकरण खुनापर्यंत जातं. हँक विल्यम्स तर ‘ल्यूक द ड्रिफ्टर’ हे दुसरं नाव घेऊन गाण्याऐवजी नुसतं बोलायचा, मागे संथ वाद्यं.

मामा : नाव बदलून बोलणं! म्हणजे त्यालाही तखल्लुस लागलाच. खतीबांनी तर नाव काय, आवाजच बदलले. सासू, सून, छोऱ्याची अम्मा. एक पुरुष उभा आहे आणि बाईचा ठसका जसाच्या तसा काढतोय. ‘सास बहू’ या कवितेत सासू सुनेला शब्दांनी अक्षरशः सोलते. मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. संत एकनाथांचं भवानीआईला साकडं घालणारं भारूड आठव. सून देवीला नवस बोलते, तो कशासाठी? सासरच्या एकेका माणसाचा काटा काढण्यासाठी! त्याचा अध्यात्माचा अर्थ आहेच, पण ऐकणाऱ्या बाईला पहिल्यांदा आपलं घर दिसतं. शिवाय नाथांनी हिंदू-तुर्क संवादही लिहिला. दोघं एकमेकांना यथेच्छ बोल लावतात आणि शेवटी एकमतावर येतात. देवीसिंग चौहानांनी मराठी आणि दखनीच्या नात्यावर पुष्कळ काम केलं, ते उगाच नाही. पैठण, बिदर, गोवळकोंडा हा एकच पट्टा आहे.

सई : पण तो पट्टा तर १९५६ मध्ये भाषावार राज्यं झाली तेव्हा तुटला.

मामा : नकाशावर तुटला. गुलबर्गा म्हैसूर राज्यात, मराठवाडा मुंबई राज्यात, हैदराबाद आंध्रात. दखनी बोलणारा तीन राज्यांत वाटला गेला आणि तिन्हीकडे त्याच्या भाषेला सरकारदरबारी जागा नव्हती. माझं मत विचारशील तर यानंतरच या मुशायऱ्यांची गरज जास्त वाढली. १९६२ मध्ये हैदराबादेत ‘जिंदादिलान-ए-हैदराबाद’ ही संस्था उभी राहिली, १९६८ मध्ये मुस्तफा कमाल यांनी ‘शगूफा’ मासिक काढलं. फक्त विनोदाला वाहिलेलं उर्दू मासिक, आणि ते अनेक दशकं चाललं! गद्यात मुज्तबा हुसेन. तेही मूळ गुलबर्गा भागातले. त्यांनी ‘सियासत’ या उर्दू दैनिकात विनोदी सदर लिहायला घेतलं, तेही १९६२ मध्येच. २००७ मध्ये पद्मश्री मिळाली, २०२० मध्ये इथेच गेले.

सई : मी दखनी विनोदाचे छोटे व्हिडिओ खूप बघितलेत. त्यात असलं काही नसतं. नुसतं ‘नक्को’, ‘हौ’, ‘कायकू’.

मामा : त्याचाच मला राग येतो. खतीबांची रेकॉर्डिंग यूट्यूबवर आहेत, पण लोक सासूचा तुकडा कापून पाठवतात, सुनेपर्यंत कुणी पोचत नाही. ज्या बोलीला खालची म्हणून हसले, तिच्यात कवीनं दुःख मांडून दाखवलं. आणि आपण दुःख कापून पुन्हा नुसती बोलीच हसायला ठेवली. तू ऐकशील तेव्हा सलग ऐक. ‘पहली तारीख’ ऐक. पगाराचा दिवस, तुटपुंज्या कमाईचं घर. तुझ्या तेल-कामगारांना ती लगेच कळली असती.

सई : पण मामा, हे सगळे पुरुष. बाईचा आवाज काढणारे पुरुष. बाया स्वतः काय म्हणतात?

मामा : हा प्रश्न मुशायऱ्यात विचारून उपयोग नाही, त्यासाठी लग्नघरात जायला हवं. ढोलक के गीत. मांझ्याला नवऱ्या मुलीला हळद लागते, बायका ढोलक घेऊन बसतात आणि समधनीची म्हणजे विहिणीची, नवऱ्या मुलाची, त्याच्या सगळ्या खानदानाची धुलाई सुरू होते. जी माणसं घोडे-जोडे की रकम मोजून घेणार, त्यांनाच हसत हसत तोंडावर ऐकवायचं. आणि त्यांनी ते हसूनच घ्यायचं, अशी रीत. मध्येच बिदाईचं गाणं येतं आणि आई उठून आत जाते.

सई : ते कुणी लिहिलेलं असतं?

मामा : बहुतेकांना कवीचं नाव नाही. आजीनं आईला दिलं, आईनं मुलीला, आणि प्रत्येकीनं आपापल्या विहिणीच्या मापानं एखादी ओळ घातली. आता कॅटरर आणि डीजे आल्यावर हे कमी झालंय, पण जुन्या शहरात गाणाऱ्या बायकांना अजून बोलावणी जातात. तुझ्या ऑफिसमधल्या कुणा हैदराबादी मैत्रिणीचं लग्न निघालं, तर वलीम्याच्या, म्हणजे लग्नानंतरच्या दावतीच्या, बिर्याणीपुरती जाऊ नकोस. मांझ्याला जा, ढोलकच्या जवळ बस.

सई : आणि न कळलेल्या ओळी?

मामा : शेजारच्या खालाला विचार. मराठी येतं म्हटल्यावर अर्ध्या तुला आपोआप कळतील, उरलेल्या ती सांगेल. काही सांगणार नाही, त्या मामीला विचार.