बोलतंय कोण, ते आधी पाहा

मावशीचा थोरला मुलगा विहिरीत बुडून गेला, त्याच्या तिसऱ्या दिवशी घरी सांत्वनाची प्रार्थना होती. पाळकसाहेबांना यायला उशीर होत होता. कोणीतरी म्हणालं, "तोवर तू वाच एखादं वचन." माझ्या हातात पवित्र शास्त्र होतं आणि माझी एक सवय होती: डोळे मिटायचे, पुस्तक उघडायचं, बोट पडेल तिथून वाचायचं. त्या दिवशीही मी तसंच केलं. ईयोबाच्या पुस्तकाचा ८ वा अध्याय निघाला. मी मोठ्याने वाचू लागलो. चौथ्या वचनात बापाला सांगितलेलं आहे की तुझ्या मुलांनी देवाविरुद्ध पाप केलं, म्हणून त्याने त्यांना त्यांच्या अपराधाचं फळ भोगायला लावलं. ते तोंडातून गेल्यावर मला कळलं मी काय वाचलं ते. मावशीने माझ्याकडे पाहिलं, उठली आणि आत चुलीपाशी जाऊन बसली. खोलीत कोणी काही बोललं नाही.

माझं वय तेव्हा चोवीस. जन्म नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरातला. रविवारची उपासना, शब्बाथशाळा, नाताळची नाटकं, सगळं केलेलं. त्यामुळे शास्त्र आपल्याला येतं असं मी धरून चाललो होतो. खरं तर ऐकलेलं पुष्कळ होतं, वाचलेलं जवळजवळ काहीच नव्हतं. त्याच वर्षी एक जानेवारीला मी ठरवलं होतं की वर्षभरात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं वाचून काढायचं. आमच्या प्रॉटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं, ११८९ अध्याय. म्हणजे दिवसाला तीन-साडेतीन. उत्पत्तीचे ५० अध्याय मी भराभर वाचले. अब्राहाम, याकोब, योसेफ आणि त्याचे भाऊ, सगळ्या गोष्टीच. निर्गममध्ये मोशे तांबड्या समुद्रापर्यंत आला तोवरही ठीक होतं. मग २५ व्या अध्यायापासून निवासमंडप सुरू झाला. पडद्यांची लांबी, फळ्या, कड्या, कोणत्या रंगाचं सूत. तेच वर्णन ३५ पासून पुन्हा. त्यानंतर लेवीय, त्यातली होमार्पणं, त्वचारोग तपासण्याचे नियम. फेब्रुवारी संपायच्या आत माझं वाचन थांबलं. थांबलं याची लाज वाटायची, म्हणून मी बोट ठेवून वाचण्यावर आलो. नव्या वर्षाच्या उपासनेत वचनाची चिठ्ठी काढतात, तसं रोज. बोट पडेल तेच देवाचं आजचं बोलणं, असं मी मनापासून मानत होतो.

त्या संध्याकाळी पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "तू वाचलंस ते बोलतंय कोण?"

"देव," मी म्हणालो. "शास्त्रच आहे ना ते."

"बिल्दद बोलतोय. ईयोबाचा मित्र. पुस्तक पूर्ण वाच, मग माझ्याकडे ये."

दोन रात्रींत मी ४२ अध्याय वाचले. ईयोबाची सात मुलं आणि तीन मुली एका दिवसात मरतात. त्याचे तीन मित्र येतात, अलीफज, बिल्दद आणि सोफर. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याशेजारी जमिनीवर बसून राहतात, एक शब्दही न बोलता. त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेच. मग ते बोलू लागतात, आणि अध्यायामागून अध्याय एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगतात: दुःख आलं म्हणजे पाप असणारच. ईयोब ते मानत नाही. तो देवाशी भांडतो. शेवटच्या अध्यायात देव त्या मित्रांवर रागावतो आणि म्हणतो की माझ्याविषयी तुम्ही बरोबर बोलला नाहीत, ईयोब बोलला. म्हणजे ज्या शब्दांनी मी मावशीला घायाळ केलं, त्यांना त्याच पुस्तकात देवाने खोटं ठरवलेलं होतं. मी ३४ अध्याय पुढे गेलो असतो तर मला ते कळलं असतं.

हे लिहितोय ते नव्याने वाचायला बसणाऱ्यांसाठी, ते ख्रिस्ती असोत वा नसोत. एखादं वचन मनाला लावून घ्यायच्या किंवा दुसऱ्याला सांगायच्या आधी विचारा: हे कोण बोलतंय, कोणाला, आणि पुढे काय होतं? शास्त्रात देव बोलतो, तसे राजे, सैतान, चुकलेले मित्र, घाबरलेले शिष्यही बोलतात. शास्ते या पुस्तकातली काही कृत्यं वाचून अंगावर काटा येतो. ती घडली म्हणून लिहिली आहेत, तसं वागा म्हणून नव्हे. वचनांचे आकडे तर मूळ लेखकांनी घातलेलेच नाहीत. अध्याय तेराव्या शतकात पडले. नव्या कराराच्या वचनांना आज आपण वापरतो ते आकडे १५५१ साली एका फ्रेंच मुद्रकाने दिले. जागा सापडायला ते सोयीचे आहेत, पण आकडा दिसला की प्रत्येक ओळ सुटी म्हण वाटायला लागते. तिथेच फसगत होते.

दुसरी गोष्ट, हे एक पुस्तक नाही, पुस्तकांचं कपाट आहे. 'बायबल' ज्या ग्रीक शब्दावरून आलं त्याचा अर्थच 'पुस्तकं' असा आहे. कॅथलिक प्रतीत ती ७३ असतात, त्यामुळे शेजारच्या घरी तोबीत किंवा मक्काबी दिसलं तर गोंधळून जाऊ नका. या कपाटात इतिहास आहे, कायदा आहे, गाणी आहेत, खासगी पत्रं आहेत, आणि ती काळाच्या क्रमाने लावलेली नाहीत. पौलाची मंडळ्यांना लिहिलेली पत्रं साधारण लांबीप्रमाणे लावली आहेत. रोमकरांस पत्र सगळ्यात मोठं म्हणून आधी. नवशिक्याने नवा करार उघडून ओळीने जायचं ठरवलं तर पत्रांपैकी सगळ्यात अवघड पत्रच त्याच्यापुढे पहिलं येतं.

म्हणून सुरुवात मार्काच्या शुभवर्तमानापासून करा. १६ अध्याय, दीड-दोन तासांचं वाचन, आणि ते एका बैठकीत करा. चारही शुभवर्तमानांत हे आधी लिहिलं गेलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. यात जन्माची कथा नाही, वंशावळ नाही. बाप्तिस्मा करणारा योहान दिसतो आणि येशू लगेच कामाला लागतो. कळलं नाही तिथे थांबू नका, पेन्सिलीने खूण करा आणि पुढे जा. शेवटाकडे १६ व्या अध्यायात नवव्या वचनापासून बऱ्याच प्रतींत कंस किंवा टीप दिसेल, कारण सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत मजकूर आठव्या वचनाशी संपतो: स्त्रिया कबरेपासून घाबरून पळतात. त्या ओळीवर थोडा वेळ बसून राहा.

मग लूक, आणि त्याला जोडून प्रेषितांची कृत्ये. ही एकाच लेखकाची दोन पुस्तकं आहेत, दोन्ही थियफिल नावाच्या माणसाला उद्देशून लिहिलेली. रात्री झोपताना एक स्तोत्र. पत्रांत आधी फिलिप्पैकरांस घ्या, चारच अध्याय, बंदिवासातून लिहिलेले. पत्र आलं की आपण ते मधूनच उघडून एक ओळ वाचत नाही, तसंच हेही वाचायचं. प्रकटीकरण अगदी शेवटी, आणि शक्यतो जाणत्या माणसाबरोबर.

लेवीय मी टाकलं होतं, ते नंतर परत उचललं. १९ व्या अध्यायात शेताच्या कडेपर्यंत कापणी करू नका, सरवा वेचून नेऊ नका, तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या, असा नियम आहे. सरवा! माझी आजी बाजरीच्या रानात सरवा वेचायला जायची. त्यावर आमचं घर चाललेलं आहे. त्यानंतर मी रूथ वाचलं. परदेशी विधवा, सासूबरोबर तिच्या गावी आलेली, बवाजाच्या शेतात सरवा वेचते. तो कंटाळवाणा नियम नसता तर ही बाई उपाशी मेली असती. नियम आधी वाचायला माझ्याने झालं नाही. गोष्टीतून मागे गेल्यावर तो जिवंत झाला.

भाषेचंही सांगतो. आमच्या घरातल्या प्रतीची मराठी आजोबांच्या काळातली होती; मोठ्याने वाचली की गोड लागायची, मनात वाचताना अडखळायला व्हायचं. सोप्या भाषांतराची प्रत घेण्यात कमीपणा नाही. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि १९२२ साली मृत्यू येईपर्यंत केडगावात साध्या माणसांना समजेल अशा मराठीत सबंध बायबल उतरवत होत्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल आजच्या मराठीत आहे. मला जमतं तेव्हा मी दोन भाषांतरं शेजारी ठेवतो. जिथे ती वेगळी पडतात तिथे मूळ शब्द अवघड आहे असं समजायचं. आणि जुनी मराठी आवडणाऱ्याने फादर स्टीफन्सचं १६१६ चं ख्रिस्तपुराण जरूर पाहावं. गोव्यातल्या नव्या ख्रिस्ती लोकांना त्याने ही सगळी कथा ओवीत सांगितली. चारशे वर्षांपूर्वीही माणसं गोष्टीच्याच दाराने आत आली.

मावशीकडे जायला मला वर्ष लागलं. माफी मागितली आणि बिल्ददाचं पुढे काय झालं ते वाचून दाखवू का, असं विचारलं. तिने मान हलवली. मी ४२ वा अध्याय वाचला. ईयोबाची मेंढरं ७००० होती त्यांची १४००० झाली, उंट ३००० चे ६०००.

"सगळं दुप्पट," ती म्हणाली. "आणि लेकरं?"

"पुन्हा सात मुलं, तीन मुली. तितकीच."

ती बराच वेळ गप्प होती. "आधीची दहा?"

"त्यांच्याबद्दल इथे काही लिहिलेलं नाही, मावशी."

तिने पुस्तक माझ्या हातातून घेतलं, ते पान शोधलं आणि ओळीखाली बोट धरून हळूहळू स्वतः वाचू लागली. निघताना मी हात पुढे केला, तेव्हा म्हणाली, "हे इथेच राहू दे."