आधी साइट-की पक्की करा, मग जोडणी

लाटेकमध्ये लिहिणाऱ्याला पीडीएफमधलं ते ठळक प्रश्नचिन्ह चांगलंच ओळखीचं असतं. वाक्यात संदर्भ दिला आणि बिब फाइलमध्ये त्या नावाची नोंद सापडली नाही, की तिथे प्रश्नचिन्ह उमटतं. नवे विद्यार्थी ते बघून धास्तावतात. मी त्यांना सांगते, दिसतंय ना, मग ते दुरुस्त होईल. काळजी करायची ती न दिसणाऱ्या चुकीची. झोटेरोसारखा संदर्भसंग्रह ओव्हरलीफला जोडताना ही न दिसणारी चूक कुठून शिरते, हे आमच्या गटाला एका लेखाच्या वेळी कळलं. तेव्हापासून संशोधनाला लागलेल्या प्रत्येकाला मी हे सगळं पहिल्याच आठवड्यात सांगते.

लेख होता मराठवाड्यातल्या भूजलातल्या फ्लोराइडवर. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १.५ मिलिग्रॅम फ्लोराइड ही आयएस १०५०० या भारतीय मानकाने दिलेली वरची मर्यादा. ती ओलांडणाऱ्या विहिरींबद्दलच्या एका वाक्याला आम्ही एका जुन्या अभ्यासाचा आधार दिला होता. परीक्षकांचा शेरा आला की ज्या लेखाचा हवाला दिला आहे त्यात फ्लोराइडचा उल्लेखच नाही. आम्ही चक्रावलो. तो लेख आम्ही वाचलेला होता, त्यावर टिपणं काढलेली होती. संदर्भसूची उघडली तर त्या जागी त्याच लेखकाचा, त्याच वर्षाचा दुसराच लेख बसलेला, भूजल पुनर्भरणावरचा. कंपाइल करताना एकही एरर नव्हती, एकही वॉर्निंग नव्हती. प्रश्नचिन्ह तर नव्हतंच.

हे कसं झालं ते नीट सांगते, कारण सगळ्याचं मूळ इथेच आहे.

बिब फाइलमधून लाटेकसाठी संदर्भसूची बनवणारं बिबटेक १९८५ सालचं आहे. ओरेन पाताश्निक यांनी ते लिहिलं, तेव्हा कल्पना अशी होती की एक माणूस आपल्या यंत्रावर एक फाइल ठेवील आणि प्रत्येक नोंदीला स्वतः नाव देईल. तेच नाव म्हणजे साइट-की. लेखातल्या साइट आज्ञेला फक्त हे नाव ठाऊक असतं. झोटेरोची परंपरा वेगळी. ते २००६ साली जॉर्ज मेसन विद्यापीठात, इतिहास आणि नव्या माध्यमांच्या केंद्रात जन्माला आलं. इतिहासाचा अभ्यासक वर्डमध्ये लिहिणार, त्याला साइट-कीशी काय देणंघेणं? झोटेरो प्रत्येक नोंद आतल्या आत स्वतःच्या आठ अक्षरांच्या ओळखीवर सांभाळतो. तुम्ही बिब फाइल मागितली की त्या क्षणी साइट-की तयार करून देतो. लेखकाचं आडनाव, शीर्षकातला पहिला महत्त्वाचा शब्द आणि वर्ष, एवढ्यावर ती बनते. आमच्या त्या दोन्ही लेखांची शीर्षकं ‘ग्राउंडवॉटर’ने सुरू होत होती. लेखकाचं आडनाव जोशी धरा, वर्ष २०१६. मग पहिल्याची साइट-की झाली जोशी_ग्राउंडवॉटर_२०१६ आणि दुसऱ्याची जोशी_ग्राउंडवॉटर_२०१६-१.

शेवटचा तो ‘१’ नोंदीला चिकटलेला नसतो. फाइल तयार होताना जी नोंद मागून येते तिला तो मिळतो. वर्गात दोन अमोल असले की बाई त्यांना अमोल एक आणि अमोल दोन म्हणतात, पण ते बसायच्या क्रमाने म्हणायला लागल्या तर उद्या पहिला अमोल मागच्या बाकावर गेला की हजेरी उलटीपालटी होणार. आमच्याकडे तेच झालं. सहलेखकाने संग्रहातल्या दुबार नोंदी एकत्र केल्या, जे करायलाच हवं होतं. त्यात नोंदींचा क्रम बदलला. पुढच्या वेळी फाइल ताजी केली तेव्हा फ्लोराइडच्या लेखाचं नाव पुनर्भरणाच्या लेखाला गेलं. लाटेकच्या दृष्टीने सगळं आलबेल, कारण नाव सापडलं होतं.

म्हणून पहिला आणि सगळ्यांत महत्त्वाचा नियम: वाक्यात संदर्भ देण्याआधी साइट-की पक्की करा. झोटेरोत बेटर बिबटेक नावाचं मोफत प्लगइन बसवता येतं. त्याने साइट-कीचा साचा आपल्याला हवा तसा ठरवता येतो आणि ती ‘पिन’ करता येते. प्लगइन नको असेल तर नोंदीच्या ‘एक्स्ट्रा’ रकान्यात ‘साइटेशन की’ अशी ओळ इंग्रजीत लिहून पुढे हवं ते नाव द्यायचं. झोटेरो फाइल काढताना ते नाव मानतो. इथे एक बारकावा आहे. प्लगइनची साइट-की तुमच्या संगणकावर दिसते, पण पिन केलेली नसेल तर ओव्हरलीफला ती कळण्याचा मार्ग नाही. ओव्हरलीफ थेट झोटेरोच्या सर्व्हरशी बोलतो आणि तिथून त्याला झोटेरोची मूळ पद्धतीचीच साइट-की मिळते. ‘मॅडम, माझ्या लॅपटॉपवर बरोबर आहे आणि ओव्हरलीफवर सगळीकडे प्रश्नचिन्हं’, ही तक्रार मी सर्वाधिक ऐकते आणि तिचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

आमच्या गटात आता साइट-की आडनाव, वर्ष आणि विषयाचा शब्द अशी बनते, म्हणजे जोशी२०१६फ्लोराइड (प्रत्यक्षात रोमन अक्षरांत, इथे वाचायला सोपं म्हणून देवनागरीत). लिहिताना हातालाही सोपी आणि वाचताना लगेच कळते. एकदा पिन केली की बदलायची नाही. पुढे कळलं की लेख छापील अंकात २०१७ साली आला, तर वर्षाच्या रकान्यात २०१७ करा, साइट-की जुनीच राहू द्या. ती वाचकाला दिसत नाही, तिने खरं बोलायलाच हवं असं नाही. तिने फक्त जागेवर राहायला हवं.

आता जोडणीबद्दल. ओव्हरलीफच्या सशुल्क योजनेत झोटेरो आणि मेंडली ही दोन्ही खाती सेटिंगमधून जोडता येतात. मग प्रकल्पात नवी फाइल घेताना ‘फ्रॉम झोटेरो’ निवडलं की अख्खा संग्रह किंवा एखाद्या गटाचा संग्रह बिब फाइल होऊन येतो. ही जोडणी नळासारखी सतत वाहते असा बहुतेकांचा समज असतो. तसं नाही. आलेली फाइल ही त्या क्षणाची प्रत असते. झोटेरोत नवी नोंद टाकली तर ओव्हरलीफमध्ये जाऊन ती फाइल उघडायची आणि ‘रिफ्रेश’ दाबायचं, तेव्हाच ती नोंद येते.

आणि रिफ्रेश कुणी दाबायचं? ज्याने ती फाइल आपल्या खात्यातून आणली, त्यालाच ते करता येतं. बाकीच्या सहलेखकांना फाइल दिसते, वापरता येते, पण ताजी करता येत नाही. हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण आमच्या एका विद्यार्थ्याने आपल्या विद्यापीठाच्या ईमेलवर खातं काढलं होतं आणि पीएचडी झाल्यावर ते ईमेल बंद झालं. त्याच्या नावावर जोडलेली फाइल प्रकल्पात तशीच राहिली, जुन्या नोंदींसह, आणि परीक्षकांनी सुचवलेले नवे संदर्भ तिच्यात घालायला कुणाच्याच हाती काही नव्हतं. शेवटी नवी फाइल आणून सगळ्या साइट-की जुळतात का ते पाहावं लागलं. म्हणून जोडणी कुणाच्या खात्यातून करायची हे पहिल्या दिवशी ठरवा. माझ्या मते ती पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाच्या खात्यातून व्हावी, आणि संग्रह झोटेरोच्या ग्रुप लायब्ररीत असावा, कुणा एकाच्या खासगी संग्रहात नको. ग्रुपला पैसे पडतील अशी शंका येते. झोटेरोची ३०० एमबीची मोफत जागा फक्त जोडलेल्या पीडीएफसारख्या फाइलींना लागू होते, नुसत्या नोंदी कितीही ठेवा.

सशुल्क योजना परवडत नसेल तर? एकट्याने प्रबंध लिहिणाऱ्याला ती लागतच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. झोटेरोतून बिब फाइल काढा, ओव्हरलीफमध्ये त्याच नावाने चढवा, जुनीच्या जागी नवी बसते. बेटर बिबटेकमध्ये ‘कीप अपडेटेड’वर खूण केली की झोटेरो चालू असताना संगणकावरची फाइल आपोआप ताजी राहते. चढवायचं काम तेवढं हाताने. ते हाताने होतं हाच त्याचा गुण आहे, कारण फाइल कधी बदलली हे तुम्हाला ठाऊक असतं.

काही जण बाह्य यूआरएलवरून फाइल आणायचा मार्ग सांगतात. झोटेरोच्या सर्व्हरचा पत्ता दिला की ओव्हरलीफ तिथून बिब उचलतो. मार्ग चालतो, पण त्यात दोन खड्डे आहेत. झोटेरोचा सर्व्हर एका मागणीला १०० पेक्षा जास्त नोंदी देत नाही आणि पत्त्यात काही सांगितलं नाही तर २५ वरच थांबतो. प्रबंधात तीनशे संदर्भ असतील तर बाकीचे गायब. दुसरं म्हणजे खासगी संग्रहासाठी त्या पत्त्यात तुमची गुप्त एपीआय-की घालावी लागते आणि प्रकल्पातल्या प्रत्येकाला तो पत्ता दिसू शकतो. अशी की द्यायचीच असेल तर फक्त वाचण्यापुरती परवानगी असलेली वेगळी काढा आणि काम झाल्यावर झोटेरोच्या संकेतस्थळावरून रद्द करा.

जोडलेली फाइल ओव्हरलीफमध्ये संपादित करता येत नाही. मग घाईत कुणीतरी ‘नवीन’ नावाची दुसरी बिब फाइल उघडतं आणि दोन नोंदी तिथे चिकटवतं. पुढे त्याच नोंदी झोटेरोतूनही येतात. साइट-की सारखी असेल तर बिबटेक दुबार नोंदीची तक्रार करून पहिली घेतं, दुसरी टाकून देतं. साइट-की वेगळी असेल तर एकच लेख सूचीत दोनदा छापला जातो. दुरुस्ती करायची ती झोटेरोत, मग रिफ्रेश. रात्रीचे बारा वाजले असले तरी हाच क्रम.

आता ज्या गोष्टीवर मी विद्यार्थ्यांशी सगळ्यांत जास्त बोलते ती. आमच्या विषयात अर्धे संदर्भ सरकारी अहवालांचे असतात. झोटेरोत लेखकाचं नाव दोन खान्यांत भरलं जातं, आडनाव आणि नाव. ‘सेंट्रल ग्राउंड वॉटर बोर्ड’ हे त्या दोन खान्यांत विभागलं गेलं की सूचीत छापून येतं ‘बोर्ड, सी. जी. डब्ल्यू.’ महाराष्ट्र शासनाचं होतं ‘शासन, म.’ भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची तर ओळखच पुसली जाते. झोटेरोत नावाच्या खान्याशेजारी एक छोटं बटण असतं, ते दाबलं की दोन खान्यांचा एक खाना होतो. संस्थेचं नाव त्यात भरलं की बिब फाइलमध्ये ते दुहेरी महिरपी कंसात जातं आणि बिबटेक त्याची तोडफोड करत नाही. ज्या यंत्रणेच्या माणसांनी वर्षानुवर्षं गावोगावच्या विहिरींत टेप सोडून पाणीपातळी मोजली, तिचं नाव आपल्या सूचीत धड छापलेलं असावं.

मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. जुन्या बिबटेकला देवनागरीचा वर्णक्रम कळत नाही, सूची भलत्याच क्रमाने लागते. तेव्हा बिबलाटेक पॅकेज आणि त्यासोबत बायबर वापरा. बायबर युनिकोडच्या नियमाने क्रम लावतो. ओव्हरलीफच्या मेन्यूमध्ये कंपायलर पीडीएफलाटेक असतो, तो झीलाटेक किंवा लुआलाटेक करा, आणि झोटेरोतून फाइल आणताना प्रकार बिबलाटेक निवडा. साइट-की मात्र देवनागरीत ठेवू नका, रोमन अक्षरांत आणि साध्या अंकांतच ठेवा.

लेख किंवा प्रबंध पाठवायच्या आधी आम्ही जोडणी तोडतो. बिब फाइल डाउनलोड करायची, तारीख घालून नाव द्यायचं आणि जोडलेली फाइल काढून ही साधी फाइल प्रकल्पात ठेवायची. त्यानंतर कुणी झोटेरोत काहीही आवरलं तरी पाठवलेल्या लेखाला धक्का लागत नाही. मग दोघांनी समोरासमोर बसायचं. एकाने लेखातलं संदर्भ असलेलं वाक्य मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने सूचीत जे छापलंय तोच लेख उघडून त्यात ते विधान खरंच आहे का ते पान दाखवायचं. पन्नास-साठ संदर्भांना एक दुपार जाते. विशेष लक्ष द्यायचं ते एकाच आडनावाच्या, एकाच वर्षाच्या जोड्यांकडे. देशमुख, पाटील, जोशी, कुलकर्णी यांच्या जोड्या आपल्याकडच्या सूचीत हमखास सापडतात, तिथूनच सुरुवात करा.