किटकॅटच्या मागे काय आहे?

प्रश्न : वसमतमध्ये जुनं घर विकत घेतलं. ओसरीत लाकडी पाटीवर लोखंडी मेन स्विच आणि चिनी मातीचे चार किटकॅट आहेत. वायरमन म्हणतो, ‘अर्ध्या दिवसात एमसीबीचा डबा बसवून देतो.’ सासरे म्हणतात, ‘इतकी वर्षं काही झालं नाही, उगाच खर्च कशाला?’ कोणाचं ऐकावं? (एक वाचक, जि. हिंगोली)

उत्तर : वायरमनचं ऐका, पण अर्ध्या दिवसात नको.

सासऱ्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. योग्य जाडीची फ्यूज तार घातलेला किटकॅट आपलं काम चोख करतो. अडचण एवढीच, की तशी तार त्यात क्वचितच सापडते. वायरमनला एकेक किटकॅट ओढून दाखवायला सांगा. आत बहुधा कुठल्यातरी वायरच्या तुकड्यातले तांब्याचे दोन-तीन धागे पिळून घातलेले असतील. घरात लग्न असताना किंवा परीक्षेच्या आदल्या रात्री लाइट गेली, की हाच उपाय होतो आणि मग तोच कायमचा राहतो. 0.3 मिलिमीटरचा एक धागा साधारण 13 अँपिअरला वितळतो. तीन पिळले की आकडा 30 च्या पुढे. भिंतीतली जुनी वायर जेमतेम 10-12 अँपिअर सोसणारी. भार वाढला की फ्यूज शाबूत राहतो आणि वायर तापते. ती वायर ओढली तेव्हा घरात चार बल्ब, पंखा आणि रेडिओ एवढंच असेल. आज 2000 वॉटचा गिझर एकटाच 9 अँपिअर ओढतो.

म्हणून डब्याआधी वायर. सागवानी पट्टीवर क्लिपांनी बसवलेली ॲल्युमिनियमची वायर असेल, तर ती सरळ बदला. ॲल्युमिनियम स्क्रूखाली हळूहळू दबतं, जोड सैल होऊन तापतो, आणि नव्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. एमसीबी किती अँपिअरचा हवा हे वायर ठरवते, गिझर नव्हे. दिव्या-पंख्यांच्या 1.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरला 6 किंवा 10 चा पुरे. ‘सारखा पडतो’ म्हणून कोणी तिथे 32 चा बसवला, तर त्याने किटकॅटमधले तीन धागेच नव्या डब्यात आणले समजा.

चारपैकी एखादा किटकॅट न्यूट्रलवर असू शकतो, तेही तपासून घ्या. 1956 च्या भारतीय विद्युत नियमांतच न्यूट्रलवर सुटा फ्यूज घालायला मनाई होती, तरी जुन्या घरांत तो सर्रास दिसतो. तो उडाला की सगळं बंद पडतं, लाइट गेली असं वाटतं. फेज मात्र जिवंतच असतो. अशा वेळी होल्डरमध्ये बोट घालणाऱ्याची काही खैर नाही.

आता खरी गोष्ट. माणसाला वाचवणं हे फ्यूजचं काम नाही आणि एमसीबीचंही नाही. दोघं वायर वाचवतात. मे महिन्यात कूलरच्या पत्र्यात फेज उतरला असं समजा. अर्थिंगचा रोध 20 ओहम असेल, तर 230 भागिले 20, म्हणजे 11.5 अँपिअर जमिनीत जातील. 16 चा एमसीबी ढिम्म हलणार नाही आणि पत्र्यात करंट तसाच राहील. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात अर्थिंगला उत्तम, पण उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइपाला सोडते. कूलर चालतो तो नेमका तेव्हाच. त्यामुळे अर्थिंगचा खड्डा जुना असेल तर नवा घ्या, उन्हाळ्यात त्यात पाणी घालत जा आणि रोध अर्थ टेस्टरने मोजून घ्या. शंभराचा बल्ब लावून ‘पेटला, अर्थिंग ठीक’ म्हणणाऱ्यावर विसंबू नका.

आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवाच. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, एवढंच तो पाहतो. फरक दिसला की क्षणात तोडतो. अर्थिंग चांगलं असेल तर कोणी हात लावण्याआधीच. जुन्या घरात दोन खोल्यांचे न्यूट्रल एकत्र बांधलेले किंवा अर्थिंगच न्यूट्रल म्हणून वापरलेलं असतं, त्यामुळे तो पहिल्या दिवशीच पडू लागतो. ‘बायपास करून देतो’ असं ऐकू आलं, तर तिथेच थांबवा आणि दोष शोधायला लावा. अर्ध्या दिवसात काम उरकत नाही ते यामुळेच.

काम विद्युत निरीक्षक खात्याचा परवाना असलेल्या ठेकेदाराकडूनच करून घ्या. मेन स्विच बंद केला तरी त्याच्या वरची वायर जिवंत असते. ती बंद करणं आणि मीटरचं सील हे महावितरणचं काम, त्याला कोणी हात लावायचा नाही. एसी घ्यायचा विचार असेल तर मंजूर भार वाढवून घ्या, आणि बिल अजून जुन्या मालकाच्या नावावर येत असेल तर नावबदलाचा अर्जही त्याच फेरीत देऊन टाका.