रजेचा अर्ज

मंडळाच्या गणेशोत्सवात प्रसादाच्या रांगेत कुणीतरी हमखास विचारतं, "मग, तुमच्या लेकीचं शेवटी काय ठरलं?" त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न असतो : कॉलेज सोडू कसं दिलंत? माझी लेक कॉलेजचं पहिलं वर्ष संपवून घरी आली आणि दंतवैद्यांची विम्याची कागदपत्रं भरून देणारं सॉफ्टवेअर विकायला लागली. जिला ‘दात घास’ म्हणून सांगताना माझा घसा बसायचा, ती आता डेंटिस्टांना शहाणपण शिकवते. रांगेत उत्तर पुरं होत नाही, पुढचा माणूस सरकतो. म्हणून इथे लिहिते. सल्ला म्हणून नव्हे. सल्ला द्यायला आधी निकाल लागावा लागतो.

१. कॅलिफोर्नियातल्या आमच्या क्युपर्टिनोत कॉलेज सोडलेल्यांच्या गोष्टी अर्ध्याच सांगतात. लेक होमस्टेड हायस्कूलची. अ‍ॅपलचे वॉझनियॅक १९६८ साली याच शाळेतून बाहेर पडले, जॉब्स १९७२ साली. त्यामुळे "त्यांना कुठे डिग्री होती?" हा प्रश्न इथल्या पोरांच्या जिभेवरच असतो आणि आईबापांची तोंडं बंद करायला तो पुरतो. मीही गप्प बसायचे. मग एका रात्री उरलेली गोष्ट वाचत बसले. जॉब्सनी रीड कॉलेज एका सत्रानंतर सोडलं हे खरं, पण त्यानंतर वर्ष-दीड वर्ष ते त्याच आवारात राहून मनाला येईल त्या वर्गात जाऊन बसत होते. सुलेखनाचा तो प्रसिद्ध वर्ग त्यातलाच. वॉझनियॅकचं तर आणखी मजेशीर. अ‍ॅपल सुरू झाली १ एप्रिल १९७६ ला, आणि हे गृहस्थ तरीही ह्यूलेट-पॅकार्डची नोकरी सोडायला तयार नव्हते. कंपनीत पैसा घालणाऱ्या माइक मार्कुलांनी ‘पूर्णवेळ येणार असाल तरच’ अशी अट घातली, तेव्हा कुठे त्यांनी राजीनामा दिला. पुढे गडगंज झाल्यावर ‘रॉकी रॅकून क्लार्क’ असं नाव घेऊन ते बर्कलीत परत गेले आणि १९८६ साली राहिलेली पदवी पदरात पाडून घेतली. तरुणांनी कॉलेज सोडावं म्हणून २०११ पासून पैसे देणाऱ्या पीटर थील यांच्याकडे स्वतःच्या स्टॅनफर्डच्या दोन पदव्या आहेत, हेही त्याच रात्री समजलं. सकाळी मी हा सगळा ऐवज लेकीसमोर मांडला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आई, हा अभ्यास तू माझ्यासाठी केलास की स्वतःसाठी?"

२. पदवीची बाजू मांडताना मी खरं तर व्हिसाची बाजू मांडत होते. मी सांगलीच्या वालचंद कॉलेजची इंजिनिअर. तिथे शिकलेलं थर्मोडायनॅमिक्स मी आयुष्यात एकदाही वापरलेलं नाही, पण एच-वन-बीच्या अर्जावर पदवी लागते, आणि त्या एका कागदावर मी समुद्र ओलांडला. लेक इथेच जन्मली. तिला कुठलीच सीमा ओलांडायची नाही. मग ‘कागद हवाच’ हे मी तिला कशाच्या जोरावर सांगत होते? सवयीच्या. आणि ही सवय माझ्याही आधीची.

माझे आजोबा किर्लोस्करवाडीत फिटर होते. ज्यांच्या कारखान्यात ते राबले, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. ते जे. जे.मध्ये चित्रकला शिकायला गेले. रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर रंगकाम सोडून यंत्रांची ड्रॉइंग शिकले. व्हीजेटीआयमध्ये मास्तरकी केली, तिथे बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडली आणि बेळगावात सायकलींचा धंदा थाटला. १९१० साली कुंडलच्या माळावर नांगरांचा कारखाना आणि त्याच्याभोवती गाव उभं केलं. आता अशा माणसाने आपल्या मुलाला काय सांगावं? शंतनुरावांना त्यांनी थेट एमआयटीला पाठवलं. ते १९२६ साली पदवीधर झाले. आजोबांनी साहेबांच्या चरित्रातून सायकलचं दुकान उचललं नाही, एमआयटी तेवढी उचलली. वडिलांना डिप्लोमा करायला लावला, वडिलांनी मला डिग्री. तीन पिढ्या आम्ही एकाच चरित्राचा उत्तरार्ध वाचत आलो.

३. निवड करता येणं हीच चैन आहे, आणि ती एकाच बाकावरच्या दोन मुलांना सारखी मिळत नाही. कंपनीची कल्पना माझ्या लेकीची एकटीची नव्हे. तिच्याच वर्गातला, आमच्याच कॉम्प्लेक्समधला एक मुलगा, पाचवीत असताना पुण्याहून आलेला, हा तिचा भागीदार. खरं सांगायचं तर दोघांत जास्त हुशार तोच. पहिल्या सॉफ्टवेअरचा बहुतेक भाग त्याने लिहिला. पण त्याचे आईवडील अजून ग्रीनकार्डच्या रांगेत आहेत. कुठल्याही एका देशाला वर्षाच्या कोट्यातला सात टक्क्यांहून जास्त वाटा मिळत नाही. भारतीयांची गर्दी बघता ही रांग मुलांच्या वयापेक्षा लांब होते. तोवर मुलगा एच-फोरवर, म्हणजे एच-वन-बीवाल्यांच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर. एच-फोरवरच्या मुलांना शिकता येतं, काम करता येत नाही. वयाच्या २१ व्या वर्षी तेही छत्र जातं. मग विद्यार्थी म्हणून एफ-वन घ्यायचा, नाहीतर ज्या देशाची भाषा वाचताना अडखळायला होतं त्या देशात ‘परत’ जायचं.

मुलं वकिलाकडे गेली तेव्हा आम्ही दोन्ही घरचे पालकही गेलो होतो. त्याने कंपनीचे शेअर बाळगायला हरकत नाही, वकीलबाई म्हणाल्या, पण काम करायचं नाही. "पगार न घेता?" मुलाने विचारलं. बिनपगारी कामही काम धरलं जाऊ शकतं, असं उत्तर आलं. म्हणजे ज्या कंपनीत त्याची मालकी, तिच्या कोडची एक ओळ दुरुस्त करणंही जोखमीचं. कॉलेज सोडण्याचा प्रश्नच नव्हता. एकविशीनंतर त्याने कॉलेज सोडणं म्हणजे देश सोडणं. परतताना गाडीत कुणी बोललं नाही. तोवर घरी मी आणि नवरा ‘लेकीत हिंमत आहे की नुसता हट्ट’ यावर तावातावाने भांडत होतो. त्या दिवसानंतर हिंमत हा शब्द माझ्या तोंडून निघेना. त्या मुलात ती कमी होती असं कोण म्हणेल?

४. पैशांनाही मतं असतात. लेक रांगायची तेव्हापासून आम्ही फाइव्ह-ट्वेंटी-नाइन खात्यात तिच्या शिक्षणासाठी दर महिन्याला रक्कम टाकत आलो. ते पैसे शिक्षणाव्यतिरिक्त कशाला काढले तर त्यावरच्या नफ्याला आयकर लागतो आणि वर दहा टक्के दंड. नवरा हे वाक्य जेवताना, टीव्ही बघताना, एकदा तर सत्यनारायणाच्या पूजेत भटजी संकल्प सांगत असताना म्हणाला. वर्षानुवर्षं साठवलेली माया शेवटी कर नियमांच्या भाषेत बोलायला लागते.

५. चार वर्षं दोन्हीकडे लागतातच. डिग्रीला चार, आणि संस्थापकांचे शेअर पूर्ण नावावर व्हायलाही सहसा चारच. शिवाय पहिल्या वर्षाच्या आत बाहेर पडलात तर हाती शून्य. हे ऐकल्यावर मला एकदम हायसं वाटलं. का, ते सांगता येणार नाही.

६. मी जिला उडी समजत होते तो एक ऑनलाइन फॉर्म निघाला. कॉलेज ‘सोडत’ नसतात, निदान सुरुवातीला तरी नाही, रजा घेतात. मी महिनाभर झोप उडवून घेतली आणि कॉलेजच्या ऑफिसातल्या बाईंनी इतकंच विचारलं, परत साधारण कधी येणार? त्या फॉर्ममध्ये वेड, ध्येय, बंड यांपैकी कशासाठीही रकाना नव्हता. नंतर जमाखर्च मांडून बघितला, तर लेकीच्या धाडसाखाली आमचाच गालिचा अंथरलेला दिसला. आरोग्य विमा २६ वर्षांपर्यंत आईवडिलांच्या पॉलिसीवर. भाडं शून्य. जेवण आईच्या हातचं, तेही ‘मीटिंग आहे, ताट वर आणून दे’ या सोयीसह. गॅरेजमधून उभ्या राहिलेल्या कंपन्यांचं कौतुक आपण ऐकतो. गॅरेज ज्यांचं असतं, त्यांची पोळी-भाजी त्या गोष्टीत कुठेच येत नाही. तक्रार नाही हां. फक्त नोंद.

७. कॉलेजमधून तिला जे मिळावं असं मला वाटत होतं, ते नोकरी-पगाराच्या भाषेत सांगता येईना, म्हणून मी नोकरी-पगारच सांगत बसले. मला हवं होतं की तिने रात्री दोनला कुणाशी तरी अगदी बिनकामाच्या विषयावर वाद घालावा. दंतविम्याच्या धंद्यात बिनकामाचं काही उरत नाही. एकोणिसाव्या वर्षी तिचे सगळे परिचित चाळिशीचे आणि सगळं बोलणं क्लेम फेटाळले गेल्याचं. हे मी तिला बोलले नव्हते, तरी एक दिवस ती आपणहून डी अँझामध्ये मातीकामाच्या संध्याकाळच्या वर्गाला नाव घालून आली. आमचं हे सरकारी कम्युनिटी कॉलेज घरापासून जवळ. कॅलिफोर्नियातल्या रहिवाशांना एका युनिटला ३१ डॉलर. वॉझनियॅकही काही काळ इथलेच विद्यार्थी होते. इथल्याच फ्लिंट सेंटरच्या रंगमंचावर २४ जानेवारी १९८४ ला जॉब्सनी पहिला मॅकिन्टॉश पिशवीतून बाहेर काढला. ते सभागृह आता पाडलंय. लेकीच्या वर्गात एक निवृत्त टपालवाले आजोबा आहेत, एक नर्स आहे आणि तिच्या वयाची चार मुलं. पहिली वाटी वाकडी झाली. तिच्यात आम्ही लसूण ठेवतो.

८. गुंतवणूकदारही त्याच जुन्या प्रश्नावर येऊन थांबतात. परवा वरच्या खोलीत चहा द्यायला गेले तेव्हा लेक स्क्रीनवरच्या एका गृहस्थांना उत्तरं देत होती. त्यांना हिशेब आवडला होता, डेंटिस्टांची यादी आवडली होती. "तुमचा तांत्रिक भागीदार पूर्णवेळ कधी येणार?" त्यांनी विचारलं. मला मार्कुला आठवले. लेक म्हणाली, "पुढच्या जूनमध्ये. त्याची डिग्री झाली की त्याला कामाचा परवाना मिळेल." एच-फोरवरून एफ-वनवर गेलेल्या त्याच्यासारख्यांना पदवीनंतर वर्षभर काम करता येतं, विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना पुढे आणखी दोन वर्षं मिळू शकतात, हे तिने न अडखळता सांगितलं. मला ते माहीत असण्याचं कारण होतं, तिला नव्हतं. कॉलेज अर्धवट सोडून आलेले संस्थापक त्या गृहस्थांनी खंडीभर पाहिले असतील, पण भागीदाराचं कॉलेज संपण्याची वाट बघणारी कंपनी बहुधा पहिलीच. ते म्हणाले, जूनमध्ये बोलू.

तिच्या रजेची मुदत एकदा वाढवून घेतलेली आहे, तीही संपत आलीय. चहाचा कप उचलता उचलता मी विचारलं, तुझ्या अर्जाचं काय करायचं?

"आधी त्याची डिग्री होऊ दे, आई," ती म्हणाली आणि पुढच्या डेंटिस्टला फोन लावला.